बिनपोटाच्या मशीनींची मॅडम

फुलवंता नैताम मॅडमचे मी आधी तळपाय पाहिले, तोंड नंतर. संगणकाच्या खोलीत एका टेबलाखालून दोन तळपाय बाहेर आले होते. चिखलाने भरलेले. आणि ती फरशी मी पाच मिनिटांपूर्वी पुसली होती. मी पोछ्याच्या दांड्याने एका पायाला टोचलं.

"कोन हाय वो खाली?"

"थांबा जी बाई," खालून आवाज आला. "ही वायर उंदरानं खाल्ली का नुसती चाखली, तेवढं पाहून राह्यली."

मग ती बाहेर आली. केसात जाळं, तोंडात स्क्रू काढायचा पेचकस, आणि तशीच हसली. हसणं असं की पत्र्यावर बसलेली माकडं उठून पळाली. मला ती बाई तेव्हा अजिबात आवडली नाही. फरशी मला परत पुसावी लागली.

मी मुलींच्या आश्रमशाळेत स्वयंपाक करत होते. कुरखेड्याहून बसने तासभर आत, धानाची शेतं संपून जंगल लागतं तिथे आमची शाळा. झाडणारी बाई निवृत्त झाली, तिच्या जागी कोणी आलं नाही, म्हणून झाडू-पोछाही माझ्याच गळ्यात पडला. त्यामुळे त्या खोलीत जे झालं ते मी सगळं पाहिलं. न विचारता पाहिलं.

खोलीत वीस मशीनी होत्या. मॅडम येण्याआधी दोन वर्षं त्या चादरीखाली पडून होत्या, कारण सुरूच होत नव्हत्या. आमचे मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, माणूस चांगला, पण दोन गोष्टींना भ्यायचे. एक बिबट्या आणि दुसरं वरून आलेलं पत्र. आणि पत्र आलं होतं. मशीनी चालत नसतील तर उचलून तालुक्याच्या शाळेला देऊ, असं त्यात होतं. तसं झालं असतं तर आमच्या पोरींची संगणकाची परीक्षाही तिकडेच गेली असती, आणि परीक्षेसाठी पोरीला तिकडे मुक्कामाला पाठवतील असे आईबाप आमच्याकडे दोन-चारच. बाकीच्यांचं संगणक शिकणं तिथेच संपलं असतं. एवढ्यासाठी फुलवंता मॅडमला नेमलं होतं. मशीनी चालव, नाहीतर मशीनी जातात.

आल्या दिवशीच तिने सरांना सांगितलं, "सर, याईले पोट नाई."

सर म्हणाले, "म्हणजे?"

म्हणजे असं. बाकीच्या संगणकांना आपलं आपलं साठवायला आत जागा असते. या वीस जणींना ती नव्हतीच. सगळ्यांचं अन्न कोपऱ्यातल्या एका मोठ्या मशीनीत. तिला सर्व्हर म्हणायचे. छोटी मशीन सुरू केली की ती वायरीतून ओरडते, मी कोण? सर्व्हर तिला नंबर देतो. मग ती म्हणते, आता वाढा. सर्व्हर वाढतो. पोट भरलं की पडद्यावर चित्र येतं. सरांना हे तीनदा सांगावं लागलं. मला एकदाच, कारण दीडशे पोरींना दोन वेळा वाढणारी मीच होते.

मॅडमची एक सवय मला फार छळायची. कुठलीही वस्तू बिघडली, हे तिला चालत नसे. पोरगी म्हणाली, "मॅडम, माझं बिघडलं," की ती कानावर हात ठेवायची.

"बिघडलं नोको म्हनू. कुठवर आलं थे सांग."

"काळं हाये जी."

"काळ्यावर पांढरं काय हाये?"

"काडी फिरून राह्यली."

"हां! म्हंजे हाक मारून राह्यली, ओ भेटला नाई. वायर पाहा."

मशीन सुरू होताना पडद्यावर एक काडी गोल गोल फिरायची. काडी फिरते म्हणजे नंबर नाही मिळाला. नंबर दिसला आणि पुढे थांबलं म्हणजे जेवण अडलं. जेवण आलं आणि चित्र अर्धं राहिलं म्हणजे सर्व्हर दमला. महिन्याभरात सातवीची पोरगीसुद्धा डॉक्टरसारखं बोलायला लागली. ते ठीक होतं. पण मॅडमला ही सवय सगळीकडेच. बस आली नाही तर सरांच्या खोलीतल्या तारेच्या फोनवर, "कुठवर आली?" पोरगी रडत असेल तर, "रडनं कुठवर आलं? नाक सुरू झालं का?" आणि रोज अकरा वाजता स्वयंपाकघराच्या दारात येऊन, "अनुसाबाई, भात कुठवर आला?"

"पातेल्यात," मी म्हणायची.

दुसरी सवय भाषेची. मशीन चांगली वागली की तिच्याशी गोंडीत बोलायची, हळू, पाठीवर हात ठेवून. मशीन अडली की आमच्या झाडीपट्टीच्या मराठीत शिव्या. आणि कंपनीच्या माणसाला फोन लावला की कडक हिंदी. मी भाजी निवडता निवडता नुसत्या भाषेवरून ओळखायची की आज खोलीत काय चाललंय.

पिशवीत तिच्या पेचकस, दात घासायचा जुना ब्रश, केसाचे आकडे आणि बटनाएवढे गोल सेल. कंगवा नाही. कंगवा माझा मागायची.

पहिला रोग तिने दोन दिवसांत पकडला. रोगाचं नाव मोठे सर. खोलीच्या दाराशी एक मोठं बटन होतं. लाइट गेली आणि परत आली की सर स्वतः यायचे, पाहुण्याने फीत कापावी तसे ते बटन दाबायचे, आणि सगळ्या एकवीस मशीनी एकदम चालू व्हायच्या. छोट्या लगेच उठायच्या आणि ओरडायला लागायच्या. सर्व्हर अंगाने मोठा, त्याला उठायलाच पाच मिनिटं. तोपर्यंत ओरडून ओरडून छोट्या गप्प झालेल्या. मग सर म्हणायचे, "बिघडलं." दोन वर्षं हेच चाललं होतं.

मी म्हटलं, "भात शिजाच्या आधी पंगत बसवली तर काय होईल? लोकं उठून जातील."

मॅडमने माझा हात धरून मला गोल फिरवलं. माझ्या हातात डाव होता, त्यातली डाळ तिच्या साडीवर उडाली. तिला पर्वा नव्हती.

पण सरांचा हात आवरणार कोण? तिने सांगून पाहिलं, कागद चिकटवून पाहिला. सर कागद वाचायचे आणि बटन दाबायचे. शेवटी तिने बटनावर लिंबू-मिरची बांधली. ती स्वतः हे काही मानत नव्हती. सर मानत होते. त्यानंतर त्या बटनाला त्यांनी बोट लावलं नाही. आधी सर्व्हर, मग माझा एक चहा उकळेपर्यंत थांबायचं, मग एकेक ओळ, असा नियम झाला. वीसपैकी चौदा मशीनी जेवायला लागल्या.

राहिलेल्या सहांत कुणाची वायर कुरतडलेली, कुणाचा सेल संपलेला. सेल संपला की मशीन विसरते, म्हणे, की आपल्याला पोट नाही. ती स्वतःच्याच आत अन्न शोधत बसते. हे ऐकून पोरी इतक्या हसल्या की एकीला उचकी लागली. मॅडमने नवे सेल घातले आणि मशीनींना परत शिकवलं, बाहेर मागायचं.

अकरा नंबरची मात्र कशानेही हलेना. वायर नवी, सेल नवा, तरी काडी फिरतेच आहे. चार दिवस मॅडम तिच्याशी फक्त मराठीत बोलली. पाचव्या दिवशी भिंतीतल्या वायरीच्या भोकात तिने डोळा लावला आणि ओरडली, "इथी तं घर बांधलं कोनं तरी!"

कुंभारीण माशीने भोक मातीने लिंपून टाकलं होतं. वरून वायर खोचली की बसल्यासारखी दिसायची, पण टोकाला टोक लागत नव्हतं. मॅडमने केसातला आकडा काढला आणि माती उकरली. आतून बारीक हिरवे कोळी पडायला लागले. कुंभारीण आपल्या पिल्लांसाठी कोळी डंख मारून भरून ठेवते, मेलेले नाहीत, नुसते सुन्न. एक, दोन, पाच, नऊ. पोरी बाकांवर चढल्या. मी पण चढले असते, गुडघे चढू देत नाहीत.

"मोजा वो पोरीहो!" मॅडम ओरडत होती. "पळता कायले? हे पाहा, अकरा नंबरनं जेवन मांगलं, हिले कोळी वाढले!"

तेरा कोळी निघाले. त्या दुपारी वीसच्या वीस मशीनी सुरू झाल्या. मॅडमने मला शिरा करायला लावला. साखर तिने आणली हे मी इथे लिहिते, कारण कोठीचा हिशेब नंतर मलाच द्यावा लागला होता.

आता तिच्या एका खेळाचं. पोरींकडून पाठ करून घेऊन शिकवणं तिला जमत नव्हतं. मैदानात न्यायची. वीस पोरी डोळे मिटून गोल बसायच्या, मधे एक सर्व्हर, तिच्या ओच्यात चिंचोके. एकेक पोरगी ओरडायची, "मी कोन?" सर्व्हर सांगायची, "तू एकशे तीन." मग पोरगी म्हणायची, "वाढ." आणि हातावर चिंचोका पडायचा. चिंचोका पडला की डोळे उघडायचे. प्रत्येकीला आपल्या मशीनीचा नंबर पाठ, एकशे एक ते एकशे वीस.

"मोह वेचाले जाता तुमी," मॅडम सांगायची. "पहाटे धुकं असते. माय दिसत नाई. तुमी हाक मारता. जिकडून पयला ओ येते तिकडं जाता ना? मशीनबी तशीच. जो पयले ओ देईल, तिच्यासाठी तोच माय."

एकदा मनकी नावाची आठवीतली पोरगी, आगाऊ नंबर एक, गुपचूप गोलाच्या मागे जाऊन बसली आणि सर्व्हरच्या आधीच ओ द्यायला लागली. "तू सात! तू नऊ! तू म्हैस!" सगळ्या पोरी हात पसरून बसल्या. नंबर मिळाला, चिंचोका नाही, कारण मनकीकडे चिंचोके कुठे? मॅडम एवढी हसली की मैदानातच बसली. तिच्या जागी मी असते तर मनकीच्या पाठीत एक धपाटा घातला असता. मॅडम म्हणाली, "नाई नाई, हा लय मोठा रोग शिकवला हिनं."

मग तपासणीचं पत्र आलं. साहेब येणार, त्यांच्या देखत वीस मशीनी सुरू करून दाखवायच्या, नाहीतर त्याच दिवशी उचलणार. लोकांना वाटतं असं नुसतं लिहितात. पण साहेबांच्या गाडीमागे खरंच एक रिकामी पिकअप आली. मागे दोऱ्या आणि जुनी पोती. ड्रायव्हरने ती मोहाच्या झाडाखाली लावली आणि मला विचारलं, "बाई, पोहे हायेत का? उचलाउचली कराची हाये."

मी त्याला पोहे दिले. बिनकांद्याचे.

आदल्या संध्याकाळी वीसच्या वीस मशीनी चालल्या होत्या. मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. म्हणून मॅडम सकाळी निवांत होती, माझा कंगवाही घेऊन गेली होती. साहेब सरांच्या खोलीत बसले, मी चहा नेला. तिकडे मॅडमने सर्व्हर लावला, माझ्या चहाएवढी थांबली, मग ओळीने मशीनी लावायला सांगितल्या.

"कुठवर आलं?"

"नंबर आला जी. जेवन नाई."

"माझंबी."

"माझंबी, मॅडम."

वीसच्या वीस अडल्या. दारातून मला मॅडमचं तोंड दिसलं. पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू नव्हतं. खिडकीबाहेर ड्रायव्हर दोऱ्या झटकत होता.

तेवढ्यात मनकी उभी राहिली. "मॅडम, हा माझा नंबर नाई. माझा एकशे अकरा. इथी दोन लिहून राह्यलं. मी केलं होतं ना तसं कोनीतरी करून राह्यलं! दुसरंच कोनी ओ देऊन राह्यलं!"

मॅडमने मनकीचा गालगुच्चा घेतला आणि वऱ्हांड्यातल्या भिंतीवरच्या वायरींच्या डब्याकडे पळाली. त्या डब्यात सगळ्यांच्या वायरी येऊन मिळायच्या. ती एकेक वायर काढायची आणि ओरडायची, "पाहा!" पोरी मशीन बंद-चालू करायच्या. "नाई जी!" दुसरी वायर. "नाई जी!" नववी वायर काढली आणि खोलीतून किंकाळी आली, "जेवली! जेवली!" पहिल्या ओळीतल्या पाच मशीनींवर चित्र आलं. पोरी नाचल्या. मॅडम दुसरी ओळ लावायला आत धावली.

मी तेव्हा दुसरा चहा घेऊन सरांच्या खोलीत होते. साहेब मोबाइलवर त्यांच्याहून मोठ्या साहेबांशी बोलत होते, तोंड दिसतं तसं. अचानक मोठ्या साहेबांचं तोंड उघडंच थांबलं. जांभई देताना धरल्यासारखं. साहेब म्हणाले, "हॅलो? हॅलो?" मोठे सर ताडकन उठले आणि बाहेर पळाले.

आता सांगते काय होतं ते. आमच्या गावात मोबाइलला रेंज नाही. नेट येतं ते फोनच्या तारेतून, भिंतीवरच्या त्या डब्यापर्यंत. मागच्या वर्षी याच साहेबांना बोलायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागलं होतं. ते सरांच्या मनाला लागलं होतं. पाहुण्याची अशी आबाळ! म्हणून त्या सकाळी, कोणाला न सांगता, सरांनी कुरखेड्याहून एक माणूस बोलावला होता. त्याने दोन शिंगांचा एक पांढरा डबा आणून सरांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या फुलांमागे ठेवला आणि सरांच्या वायरीला जोडला. साहेबांना बसल्या जागी नेट. आणि तो डबा आपला कोणी हाक मारली की सर्व्हरच्या आधी ओ देत होता. नंबर द्यायचा, वाढायला त्याच्याकडे काही नव्हतं.

सर गेले ते थेट भिंतीवरच्या डब्याकडे. एक वायर लोंबताना दिसली. त्यांनी ती परत खोचली आणि चवड्यांवर चालत परत आले. मोठ्या साहेबांचं तोंड मिटलं. तिकडे दुसरी ओळ अडली.

मॅडम बाहेर आली, वायर पाहिली, डोकं खाजवलं, काढली. दुसरी ओळ जेवली. इकडे मोठ्या साहेबांचं तोंड परत उघडं. सर पळाले. वायर आत. तिसरी ओळ उपाशी. वऱ्हांड्यात चहाचा ट्रे घेऊन मी मधोमध उभी. एका बाजूने मॅडम, दुसऱ्या बाजूने सर, दोघांची गाठ काही पडत नव्हती. चहा गार झाला.

मी आत गेले. "मॅडम, तुमी वायर काढता, मोठे सर खोसून देते. वायर निघाली का तिकडं साहेबाच्या मोबाइलातला मानूस मुका होते."

मॅडमने माझ्याकडे पाहिलं. आधी खांदे हलले, मग सगळी बाई हलली. पदर तोंडात कोंबून ती हसत होती आणि हसत हसतच सरांच्या खोलीत शिरली.

"साहेब," ती म्हणाली, "दोन मिनटं पान्याच्या टाकीवर जाता का?"

मोठे सर खुर्चीत खाली गेले. बिबट्या दिसला असता तरी एवढे गेले नसते.

साहेब म्हणाले, "काय?"

"एकतर तुमचा फोन चालंल, नाई तं माझ्या पोरी. दोघं एका वायरीत नाई मावत. तुमाले तरास नोको म्हनून सरांनी हा डबा आनला. सरांचं चुकलं नाई, पाहुनचार जास्त झाला."

साहेबांनी फुलांमागच्या डब्याकडे पाहिलं. सरांकडे पाहिलं. मग खरंच उठले, बूट काढले आणि टाकीची शिडी चढले. अंगाने भारी माणूस. शिडी कुरकुरली, खालून ड्रायव्हरने धरली. त्याच्या हातातल्या दोऱ्या खाली पडल्या.

इकडे मॅडमने वायर काढून स्वतःच्या कमरेला खोचली. तिसरी ओळ जेवली. चौथी लागली. पोरी खिडकीतून टाकीकडे तोंड करून ओरडायला लागल्या, "साहेब, सोळा!" आणि साहेब वरून फोनमध्ये, "सर, सोळा झाल्या." "सतरा!" "सतरा, सर." "अठरा!" एकोणिसावीला जरा वेळ लागला. माझ्या हातात अजून तो ट्रे होता. मग मनकी ओरडली, "एकोनीस! वीस! साहेब, वीस!"

"वीसच्या वीस, सर!" साहेब टाकीवरून ओरडले. एवढ्या जोरात, की मोठ्या साहेबांना फोनशिवायही ऐकू गेलं असेल.

पिकअप रिकामी गेली. मशीनी राहिल्या, अजून आहेत. त्या वर्षी परीक्षा आमच्याच खोलीत झाली. मनकी पास झाली.

पण साहेब टाकीवरून उतरले ते नुसते उतरले नाहीत. भामरागडला अशाच वीस मशीनी मुक्या पडल्यात, हे त्यांना वरच आठवलं होतं. आठवड्याभरात तिथला सर्व्हर पोत्यात बांधून मॅडमकडे दुरुस्तीला आला. ती त्याच्याशी तीन दिवस मराठीत बोलली आणि चौथ्या दिवशी गोंडीत. मग पत्र आलं. सर्व्हर घेऊन भामरागडला रुजू व्हा, पावसाने रस्ता बंद होण्याआधी. चांगलं काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून आणखी काम देतात, हे मी चुलीपाशीही पाहिलं आहे. ती म्हणाली, "तिकडच्या पोरी कशा हायेत, पाहू." बस. मी तिला डब्यात सहा पोळ्या आणि ठेचा दिला.

बस आली तेव्हा भरलेली होती. एकच जागा रिकामी, खिडकीची. मॅडमने तिथे सर्व्हर बसवला. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, मानसाची जागा हाये ते."

"हे वीस जनाईचं जेवन हाये, भाऊ. पडलं तं तुमी भरून देसाल का?"

कंडक्टरने घंटी मारली. बस हलली. पोरी फाटकापर्यंत पळाल्या, हात हलवत, ओरडत. मॅडम उभी होती, एका हाताने वरचा दांडा धरलेला, दुसऱ्या हाताने तो सर्व्हर दाबून धरलेला. हलवायला हात शिल्लक नव्हता. तिने हनुवटीनेच पोरींना हुसकावलं, जा, वर्गात जा, तास सुरू झाला.